वर्ध्याचे खानखोजे आणि मेक्सिकोचा मका

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल. बुलढाण्यात बसून मेक्सिकोची गोष्ट कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्या शेतातच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आपल्या जिल्ह्याची जुनी ओळख कापसाची. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि साहेबाचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा सुरू झाला तो कापसासाठीच. खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी खामगावला आला होता. पण त्या गाडीत भरला जाणारा कापूस गावरान होता, आखूड धाग्याचा. आज तुम्ही-आम्ही जो बीटी कापूस लावतो, तो जवळजवळ सगळाच 'अमेरिकन' म्हटल्या जाणाऱ्या जातीचा आहे. आणि या अमेरिकन कपाशीचं मूळ घर कुठलं? मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा मुलूख. तिथल्या आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी ती रानातून शेतात आणली.

मका तर मेक्सिकोचाच. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या बायामाणसांनी टेओसिंते नावाच्या रानगवतातून निवडत निवडत मक्याचं कणीस घडवलं. मिरची तिकडचीच. ती इथे आली तेव्हा तिला द्यायला आपल्याकडे नाव नव्हतं, म्हणून मिरीवरून मिरची म्हणालो. टोमॅटो हा शब्दसुद्धा तिथल्या नाहुआत्ल भाषेतून आलेला. म्हणजे ज्या ठेच्याशिवाय वऱ्हाडी माणसाचं जेवण होत नाही, त्याची पणजी मेक्सिकोची. आपण हे सगळं इतकं आपलं करून घेतलं की परकं वाटतच नाही. वारसा म्हणजे काय, याचं हे एक उत्तर झालं. जे पेरलं, खाल्लं आणि पुढच्या पिढीला दिलं, ते आपलं.

पिकं तिकडून इकडे आली. माणूस मात्र एक इकडून तिकडे गेला. आज त्याची गोष्ट सांगायची आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे, राहणार वर्धा.

खानखोज्यांचा जन्म १८८०च्या दशकात वर्ध्याचा. त्यांच्या शाळकरी वयात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ मध्य प्रांत आणि वऱ्हाडावर कोसळले. इथे एक फरक लक्षात ठेवू. आपल्या वऱ्हाडात रयतवारी होती, शेतकरी सरकारचा थेट खातेदार. वर्धा-नागपूरकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा वसूल मालगुजाराच्या हातात. पद्धत वेगळी, पण शेवटी कुणबी सावकाराच्याच दारात उभा. जमीन कसणारा एक आणि तिचं पीक घरी नेणारा दुसरा, हे चित्र दोन्हीकडे सारखंच. या चित्राशी खानखोज्यांची पुढे पुन्हा गाठ पडणार आहे, दहा-बारा हजार मैलांवर.

तरुणपणी त्यांच्या डोक्यात मात्र शेती नव्हती, क्रांती होती. टिळकांच्या विचारांनी भारावलेली ती पिढी. सैनिकी शिक्षण घ्यायचं आणि येऊन इंग्रजाला घालवायचं, एवढं साधं गणित घेऊन १९०६च्या सुमारास त्यांनी देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेत पोचले. कॅलिफोर्नियात त्यांनी माउंट तामालपाइस इथल्या लष्करी विद्यालयात प्रवेश मिळवला. त्याच वर्षांत कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांत शेतकी शास्त्राचंही शिक्षण घेतलं. बंदूक हे ध्येय आणि शेतकी ही सोबत, असा तो हिशेब होता. पुढे हा हिशेब उलटा झाला.

पॅसिफिकच्या किनाऱ्यावर तेव्हा लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांत हजारो पंजाबी मजूर राबत होते. त्यांच्यातूनच १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ ही नावं आपल्याला ठाऊक असतात. त्या पक्षाच्या पायाभरणीत आणि लढाऊ विभागात आपले खानखोजे होते, हे मात्र आपल्या शाळेच्या पुस्तकात सापडत नाही. दुसरा मराठी गदरवाला विष्णू गणेश पिंगळे. महायुद्ध सुरू होताच पिंगळे हिंदुस्थानात परतले, सैन्यात उठाव करण्याच्या प्रयत्नात पकडले गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत फासावर गेले. खानखोजे दुसऱ्या वाटेने निघाले. तुर्कस्तान, मग इराण. तिथल्या टोळ्यांबरोबर राहून इंग्रजांशी लढायचं आणि जमिनीच्या मार्गाने हिंदुस्थान गाठायचा. युद्ध संपलं, तो बेत फसला. त्यानंतर युरोप, १९२१ साली मॉस्को. पण घरचा रस्ता बंदच. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव, पाठीशी कुठल्याही देशाचा आधार नाही.

जरा थांबून या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वय चाळिशीकडे झुकलेलं. ज्या कामासाठी घर सोडलं ते झालेलं नाही. बरोबरीचे काही फासावर गेले, काही अंदमानात. हातात काय उरलं? एक विझलेली मोहीम आणि शेतकीचं शिक्षण.

१९२४ साली ते मेक्सिकोत आले. मेक्सिकोच का? कारण तिथे ओळखी होत्या. कॅलिफोर्नियात असताना मेक्सिकन क्रांतिकारकांशी त्यांची मैत्री झाली होती. त्यांतले रामोन दे नेग्री नंतर मेक्सिकोचे शेतीमंत्री झाले. शिवाय मेक्सिकोला जाणारे ते पहिले हिंदी क्रांतिकारक नव्हेत. त्यांच्या आधी मानवेंद्रनाथ रॉय तिथे राहून गेले होते आणि १९१९ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत त्यांचा हात होता. इंग्रजाचा हात जिथे सहज पोचत नाही आणि जिथे नुकतीच शेतकऱ्यांची क्रांती झाली आहे, असा तो देश.

ही क्रांती समजून घेतली पाहिजे, नाहीतर खानखोज्यांचं पुढचं काम कळणार नाही. १९१० पर्यंत मेक्सिकोत जमिनीचे प्रचंड तुकडे मूठभर मालकांकडे होते. त्या जमीनदारीला तिथे हासिएंदा म्हणतात. खेड्यातली बहुतेक कुटुंबं भूमिहीन. एमिलियानो झापाता हा शेतकऱ्यांचा पुढारी एकच मागणी घेऊन लढला, की आमच्या गावाची जमीन गावाला परत द्या. १९१७ च्या राज्यघटनेत, २७ व्या कलमात, हे तत्त्व आलं. गावाच्या सामाईक मालकीच्या अशा जमिनीला एखिदो म्हणू लागले. झापाताला १९१९ मध्ये दगा देऊन मारलं गेलं, पण मागणी मेली नाही.

आता जमीन तर मिळायला लागली. पण नुसता सातबारा हातात पडून भागतं का? आपल्यापेक्षा हे कोणाला जास्त माहीत असणार! बियाणं हवं, पाणी हवं, माहिती हवी. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाला स्वतःच्या शेताचा निर्णय घ्यायचा होता. राष्ट्रीय शेतकी विद्यालय याच काळात राजधानीजवळच्या चापिंगो इथे हलवलं गेलं. ती जागाही आधी एका बड्या जमीनदारीचीच. इथे जमिनीकडून काढून घ्यायला शिकवतात, माणसाकडून नव्हे, या अर्थाचं त्या विद्यालयाचं ब्रीद आहे. खानखोजे तिथे प्राध्यापक झाले. ज्या माणसाने इंग्रजीत शिक्षण घेतलं, इराणी टोळ्यांत वावर केला, त्याने आता स्पॅनिशमध्ये वर्गात उभं राहायचं होतं.

त्यांनी हात घातला तो प्रामुख्याने मक्याला. चापिंगो समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. तिथे पाऊस लहरी आणि दवगोठा पिकाच्या मुळावर उठलेला. गोठा आणि दुष्काळ सोसणारी वाणं तयार करायची, हे त्यांच्या कामाचं सूत्र. गहू आणि डाळवर्गीय पिकांवरही त्यांनी काम केलं. मक्याचा रानटी पूर्वज टेओसिंते. त्याला दाणे मोजकेच, तेही दगडासारखे, पण अंगात चिवटपणा आणि फुटवे भरपूर. त्याचा मक्याशी संकर करून एकाच ताटावर जास्त कणसं धरणारा मका मिळवायचा त्यांचा प्रयत्न होता. सोप्या भाषेत सांगायचं तर शिकून-सवरून शहरात स्थिरावलेल्या नातवाला पुन्हा गावाकडच्या आजोबांची काटकता द्यायची.

तिथल्या शेतकऱ्याची जुनी पद्धत खानखोज्यांना फार अनोळखी वाटली नसावी, असं आम्हाला वाटतं. मेक्सिकोत मिल्पा नावाची पद्धत आहे. एकाच शेतात मका, घेवडा आणि भोपळा. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो आणि जमिनीत नत्र सोडतो, भोपळ्याचे वेल जमीन झाकून ओल धरतात. आता आपल्याकडे बघा. कपाशीत तुरीचं तास टाकतो की नाही? ज्वारीत मूग-उडीद घेत होतो की नाही? कारण तेच. एक गेलं तर दुसरं हाती लागावं आणि जमिनीचा कस राहावा. विदर्भात वाढलेल्या माणसाला मिल्पा दाखवायला दुभाषा कशाला लागतो?

पण प्रयोगशाळेतलं वाण शेतकऱ्यापर्यंत पोचलं नाही तर उपयोग शून्य. म्हणून १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी शेतकरी संघटनांच्या साथीने 'मुक्त कृषी शाळा' काढल्या. शेतकऱ्याने चापिंगोला यायचं नाही, शाळेनेच त्याच्या गावात जायचं. त्यांतल्या एका शाळेला एमिलियानो झापाताचं नाव होतं. इटलीहून आलेल्या टीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी या शाळांची आणि खानखोज्यांची छायाचित्रं काढली, ती आजही उपलब्ध आहेत. दिएगो रिव्हेरा हा मेक्सिकोचा जगप्रसिद्ध चित्रकार. त्याने १९२८ मध्ये राजधानीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर 'आमची भाकर' अशा अर्थाचं भित्तिचित्र काढलं. मेजाभोवती नाना वर्णांची माणसं बसली आहेत आणि भाकर मोडणारा जो माणूस आहे, तो चेहरा खानखोज्यांचा. वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर अन्न वाटताना दिसतो!

इथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळायचा नाही. खानखोज्यांनी क्रांती सोडली का? बंदूक ठेवली, कणीस उचललं, म्हणजे हार मानली का? आपल्याकडे क्रांतिकारकांचं मोजमाप फासाने किंवा काळ्या पाण्याने होतं. त्यामुळे जिवंत राहून प्राध्यापक झालेल्या माणसाचं काय करायचं, हे इतिहासाला कळत नाही. पण नीट बघितलं तर त्यांनी पेशा बदलला, प्रश्न बदलला नाही. जो पिकवतो तो उपाशी का, हा प्रश्न वर्ध्यात होता, पंजाबी मजुरांत होता, तोच चापिंगोत होता. पूर्वी ते त्याचं उत्तर राज्य उलथवण्यात शोधत होते, आता बियाण्यात आणि शाळेत. परक्या मुलखात आपल्या मातीशी नातं टिकवायचं तर आठवणींवर किती दिवस निभणार? त्यांनी ते कामातून टिकवलं.

मेक्सिकोतच १९३६ साली त्यांनी लग्न केलं. पत्नी जॉन सिंडिक मूळच्या बेल्जियमच्या. मुलींतल्या एकीचं नाव ठेवलं सावित्री. याच सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. 'मी कधीच माफी मागणार नाही' अशा अर्थाचं त्याचं नाव आहे. मराठीत वीणा गवाणकर यांनी खानखोज्यांचं चरित्र लिहिलं. 'एक होता कार्व्हर' वाचलेल्यांना सांगायला नको, की शेतीत रमलेल्या शास्त्रज्ञाचं मोल या लेखिकेला बरोबर कळतं.

मग देश स्वतंत्र झाला. १९४९ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारकडून त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलावणं आलं. मंडळी, हे सरकार म्हणजे आपलंच. त्या वेळी राजधानी नागपूर आणि बुलढाणा त्याच प्रांतातला जिल्हा. म्हणजे खानखोजे ज्या शेतकऱ्यांसाठी येणार होते, त्यांत आपले आजे-पणजे होते. पण झालं काय? इंग्रजांनी काळ्या यादीत टाकलेलं नाव स्वतंत्र भारताच्या दप्तरातही तसंच राहिलं होतं. ज्या स्वातंत्र्यासाठी हा माणूस चाळीस-एक वर्षं घराबाहेर राहिला, त्याच स्वातंत्र्याच्या कचेरीत तो संशयित! राज्यकर्ते बदलतात, फायली बदलायला वेळ लागतो. तो अडथळा दूर व्हावा लागला. भेट देऊन ते मेक्सिकोला परतले आणि १९५५ मध्ये कुटुंबासह कायमचे नागपूरला आले. पुढच्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी गेली. ज्या प्रांताने बोलावलं होतं, तो प्रांतच उरला नाही.

जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात खानखोजे वारले. त्या रब्बीत उत्तर हिंदुस्थानच्या शेतांत कोणता गहू उभा होता माहीत आहे? मेक्सिकन. १९६६ साली भारत सरकारने मेक्सिकोहून अठरा हजार टन बियाणं आणलं होतं, 'लेर्मा रोहो' आणि 'सोनोरा ६४' या वाणांचं. पुढच्या एक-दोन हंगामांत गव्हाचं उत्पादन असं वाढलं की त्याला हरितक्रांती हे नाव पडलं.

आता इथे सावध राहायला हवं. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात 'हरितक्रांतीचे खरे जनक खानखोजे' असं बिनधास्त लिहिलेलं असतं. तसं नाही. तो गहू नॉर्मन बोरलॉग यांच्या गटाचा. त्यांचं मेक्सिकोतलं काम १९४४ मध्ये सुरू झालं. त्या गव्हातला बुटकेपणाचा गुण जपानी 'नोरिन १०' या वाणातून आला, आणि तो आधी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, जिथे खानखोजे विद्यार्थी म्हणून राहून गेले होते, तिथल्या गव्हात उतरवला गेला होता. म्हणजे तो दाणाही जपान, अमेरिका, मेक्सिको असा प्रवास करून आपल्याकडे आला, अगदी खानखोज्यांच्याच वाटेने म्हणा ना. पण तो त्यांचा नव्हे. आपल्या माणसाचं मोठेपण सांगायला दुसऱ्याचं काम त्याच्या नावावर चढवायची गरज नाही. खानखोज्यांचं स्वतःचं काम पुरेसं आहे.

उलट खरा चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्या सुमारास आपण मेक्सिकोचं बियाणं जहाजाने आणत होतो, त्या सुमारास मेक्सिकोच्या मातीत तीस वर्षं घालवलेला, त्यांची भाषा बोलणारा, तिथल्या शेतकऱ्याला गावात जाऊन शिकवणारा माणूस आपल्याच नागपुरात राहत होता. बियाणं आपण घेतलं. शाळा शेतकऱ्याच्या बांधावर नेण्याची ती रीत घेतली का? २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली. शेतकरी आत्महत्यांचे ते जिल्हे, त्यांत खानखोज्यांचा वर्धाही आहे आणि आपला बुलढाणाही. बियाणं सुधारलं, पण पिकवणाऱ्याचा प्रश्न तसाच राहिला. खानखोज्यांनी या दोन गोष्टी कधी वेगळ्या मानल्या नव्हत्या.

सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोच्या कृषी विद्यापीठात खानखोज्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. आनंदाची गोष्ट आहे. पण पुतळा उभारणं सोपं, परत आलेल्या जिवंत माणसाला जागा देणं अवघड.

आणि ही अडचण काही जुनी नाही. आज मेहकर, चिखली, मोताळ्याच्या गावागावांतून पोरं-पोरी पुण्या-मुंबईला जातात, काही परदेशात. त्यांतलं कोणी दहा वर्षांनी नोकरी सोडून परत आलं, शेतात काही वेगळं करायला लागलं, तर पारावर पहिलं वाक्य काय निघतं? 'तिकडं जमलं नाही वाटतं.' म्हणजे आपल्याकडेही एक काळी यादी असतेच, फक्त ती कागदावर नसते. पेशा बदलला की हरला, परत आला की हरला, हा आपला निकाल आधीच लिहून तयार.

मका, मिरची, कपाशी हजारो मैलांवरून आली. आपण त्यांना विचारलं नाही की तिकडं जमलं नाही का. वाफ्यात जागा दिली, पाणी दिलं, ती आपली झाली. परत येणाऱ्या माणसाला निदान मिरचीच्या रोपाइतकी जागा द्यायला काय हरकत आहे? तो सोबत काय घेऊन आला आहे, एवढं तरी आधी विचारावं.